गच्चीवरचे ऊन कोणाचे?

पुण्यातल्या एखाद्या १२ मजली इमारतीच्या गच्चीवर पडणारे ऊन कोणाचे, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो. सूर्य अक्षय आहे, त्यात वाटणी कसली, असे कोणी म्हणेल. पण गच्ची अक्षय नाही. १ किलोवॉटच्या सौर पॅनेलला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट वीज मिळते, पावसाळ्यात कमीच. ४८ सदनिकांना प्रत्येकी ३ किलोवॉट द्यायचे तर १४,४०० चौरस फूट हवेत. मजल्यावर चार सदनिका असतील तर गच्चीही जेमतेम त्या चार सदनिकांएवढीच, शिवाय तिच्यावर पाण्याच्या टाक्या. म्हणून पहिला हक्क लिफ्टचा आणि पंपाचा, म्हणजे सर्वांचा.

ज्याने पैसे घातले त्याची वीज, हा आक्षेप रास्त आहे. पॅनेल त्याचे, परतावाही त्याला मिळावा. ऊन मात्र त्याने कमावलेले नाही. देवांनी दिलेले त्यांना परत न देता भोगणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. त्या कसोटीला शेजारच्या बैठ्या घरावर सावली टाकणारा टॉवरही उतरला पाहिजे. नकाशा मंजूर आहे एवढ्याने हिरावलेल्या उन्हाचे देणे फिटत नाही. निदान आपल्या गच्चीवरच्या विजेत त्या घराला वाटा द्यावा.