लगामाचे बळ

हृदयाचे सामर्थ्य आपण त्याच्या आकुंचनावरून ठरवतो. पण आधी भरल्याशिवाय कोणताही कप्पा रक्त पुढे ढकलू शकत नाही, आणि तो भरतो स्नायू सैल झाल्यावर. या सैल होण्यालाही ऊर्जा लागते. आकुंचनासाठी पेशीत सुटलेले कॅल्शियम ‘सर्का’ हा पंप एटीपी खर्च करून परत कोठारात ओढतो. त्या पंपाचा लगाम म्हणजे फॉस्फोलॅम्बान, अवघ्या 52 अमिनो आम्लांचे प्रथिन. त्याचे पीएलएन हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. श्रम करताना अ‍ॅड्रेनॅलिनमुळे या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते, लगाम ढिला पडतो आणि स्नायू लवकर सैल होतो.

मग हा लगाम कायमचाच काढला तर हृदय अधिक बळकट होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. 1994 मध्ये हे जनुक निकामी केलेल्या उंदरांची हृदये खरोखरच जोमाने चालली. पण 2003 मध्ये दोन्ही प्रती निकामी असलेली माणसे सापडली, तेव्हा त्यांचे हृदय फुगून दुबळे झालेले होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका कुटुंबात उलटा दोष आढळला: लगाम ढिलाच होत नव्हता. परिणाम मात्र तोच. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देत जवळजवळ कमाल वेगानेच चालते; माणसाचे सत्तरेक ठोक्यांवर राहून गरजेपुरता जोर राखून ठेवते. ही राखीव ताकद, माझ्या मते, लगामामुळेच टिकते.

मोजक्या कुटुंबांवरून एवढा निष्कर्ष काढावा का, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय नेदरलँड्समध्ये शेकडो लोकांत आढळणाऱ्या याच जनुकातील एका दोषावर, उंदरांमध्ये प्रथिन कमी करणारा उपचार गुणकारी ठरला आहे. पण तिथे प्रथिनच बिघडलेले असते आणि पेशीत त्याचे पुंजके साचतात. बिघडलेले प्रथिन घटवणे वेगळे, धडधाकट लगाम तोडणे वेगळे.

या जनुकाचे दोष विरळ आहेत; त्यांचा धडा विरळ नाही. हृदय निकामी होणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत रक्त ढकलण्याचे प्रमाण ठीकच असते. म्हणून तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कामगाराला जिना चढताना धाप लागत असेल, तर त्या एका आकड्यावर त्याला निरोगी ठरवू नये. हृदय सैल कसे होते, हेही तपासले पाहिजे.