कुपवाडचे व्याकरण

एक समाज, त्याची एक भाषा, तिचा एक प्रदेश, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाने (१८९४–१९२८) या समीकरणाला नकाशा दिला. एक बोली दुसरीत नकळत मिसळत जाते, हे ग्रिअर्सन यांना चांगले ठाऊक होते. पण नकाशावर रेघ मारावी लागते आणि लोकांच्या लक्षात रेघच राहते. त्यातच भाषाकुळांची कल्पना रुजलेली. मराठी आर्यकुळातली, कन्नड द्राविडी कुळातली. शेजार शेकडो वर्षांचा असला, तरी शेजाऱ्याकडून घेतले तर शब्द घ्यायचे. व्याकरण मात्र घरचेच, असा साधारण समज होता.

या समजाला मोठा हादरा दिला तो मरे एमेनो यांनी. निलगिरीतल्या तोडांच्या भाषेपासून वर्ध्याकडच्या कोलामीपर्यंत त्यांचा अभ्यास. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, निरनिराळ्या कुळांतल्या भाषा इथे एकत्र नांदून घडणीनेही एकमेकींसारख्या झाल्या आहेत, असे त्यांनी १९५६ साली मांडले. त्याच वर्षी देशात भाषावार राज्यपुनर्रचना झाली. भाषांचे वेगळेपण कायद्याने पक्के होत असताना अभ्यासक त्यांच्या सरमिसळीबद्दल लिहीत होता.

एमेनोंच्या मांडणीतून काय घडले ते कळले. पण ते कसे घडले? त्यासाठी कोण कोणाशी, कुठे, कोणत्या नात्याने बोलतो हे पाहणे भाग होते. जमीन कोणाची, मजुरी कोणाची, सोयरीक कुठली, हे प्रश्न आता भाषाशास्त्राचे झाले. जॉन गम्पर्झ यांनी ही वाट धरली. ते मूळचे जर्मनीचे, नाझी राजवटीमुळे अमेरिकेत आलेले आणि रसायनशास्त्राकडून भाषेकडे वळलेले. सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर गावाविषयी १९५८ साली लिहिताना त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली. कामानिमित्त रोजचा संबंध आला म्हणून जातीजातींच्या बोलण्यातला फरक मिटत नाही. मोकळेपणाने गप्पा कोणाशी होतात, यावर तो ठरतो.

पुढे रॉबर्ट विल्सन यांच्यासह त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास केला. १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. गावात जमीनदार जैनांच्या आणि लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, तर दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी होती. काही घरांत तेलुगूही होती. बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत. शतकानुशतकांच्या या वापरात व्याकरणाच्या भिंती ढासळल्या होत्या. कन्नडमध्ये माणसे तेवढी पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, बाकी वस्तुजात नपुंसकलिंगी. कुपवाडच्या मराठीने हीच विभागणी उचलली. तिथे नदी स्त्रीलिंगी राहिली नाही. उलट प्रमाण कन्नडमध्ये ‘हे घर तुमचे’ एवढ्यावर वाक्य पुरे होते, पण कुपवाडची कन्नड मराठी-उर्दूप्रमाणे शेवटी ‘आहे’ लावू लागली. म्हणजे देणे एकतर्फी नव्हते. वाक्याचा आराखडा इतका सारखा झाला की शब्दाला शब्द ठेवून या भाषेतून त्या भाषेत जाता यावे.

मग भाषा एकच का झाली नाही? कारण घर वेगळे, धर्म वेगळा, सोयरीक वेगळी. ती ओळख सांगायला शब्द वेगळे ठेवले आणि व्यवहार चालावा म्हणून व्याकरण एक केले. परक्या गटाशी बोलताना मात्र सहसा मराठी वापरली जाई. ती प्रदेशाची लिखित भाषा होती हे खरेच; पण गावातल्या बड्या गटांपैकी कोणाचीही ती घरची भाषा नव्हती, म्हणून कोणालाच ती दुसऱ्याची वरचढ वाटली नाही.

ज्या ग्रंथात कुपवाडवरचा लेख आला, त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी खुद्द मराठीच्याच उगमात अशी सरमिसळ असावी का, असा प्रश्न विचारला. पुढच्याच वर्षी प्रबोध पंडित यांची पुणे विद्यापीठातली व्याख्याने पुस्तकरूपाने आली. घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, व्यापारात कच्छी आणि कोंकणी वापरणारा मुंबईचा मसाल्याचा व्यापारी त्यांनी उदाहरणादाखल घेतला. परक्या मुलुखात गेल्यावर भाषा सोडणे हा अमेरिकेतला रिवाज असेल. आपल्याकडे ती राखून दुसरी जोडण्याची रीत आहे, हे त्यांचे म्हणणे.

चार दशकांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा कुपवाडला गेल्या आणि शब्दाला शब्द जुळण्याचे ते चित्र त्यांनी चिकित्सक नजरेने तपासले. अशी फेरतपासणी गरजेचीच होती. आज कुपवाड महापालिकेत आहे, शेजारी औद्योगिक वसाहत आहे आणि मराठी ही शाळेची, नोकरीची, सरकारची भाषा आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या भाषावादात अल्याडची आणि पल्याडची मंडळी अजून ग्रिअर्सनच्या रेघेवरच उभी आहेत. भाषेच्या अभ्यासाने मात्र ती रेघ केव्हाच ओलांडली. मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी कुपवाडकडून एवढे जरूर घ्यावे: मराठी तिथे सर्वांची झाली, ती शेजारणींना घराबाहेर काढून नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत शेजारची भाषा हौसेने शिकवली जावी, ही मागणी मराठी माणसाने स्वतःहून पुढे होऊन करायला हवी.