एक्सपीत अडकलेले मॅटर

मराठी छपाईच्या धंद्यात जुना संगणक कुठे सापडेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि जमलाच तर एखादा दिवाळी अंक करून देणाऱ्या डीटीपीच्या दुकानात नव्या संगणकाशेजारी एक पिवळट पडलेला डबा असतो. त्यावर विंडोज एक्सपी, एक्सपीवर पेजमेकर, पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवच्या घराण्यातला एखादा टंक, आणि टंकाचे पॅकेज रीतसर विकत घेतलेले असेल तर डब्याच्या पाठीला लावलेले, चोरटी प्रत चालू न देणारे लॉक. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. पेजमेकरची शेवटची आवृत्तीही त्याच वर्षाची. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची डागडुजी थांबवली. कागदोपत्री हे यंत्र कधीच निवर्तले आहे, आणि तरी दिवाळीआधी त्याला उसंत नसते. संगणक दुरुस्त करणारा म्हणतो, भंगारात काढा. दुकानदार म्हणतो, चालतेय तोवर चालू द्या. मला वाटते, दोघेही डब्याकडे पाहताहेत. डबा गेला तर दुसरा मिळेल. त्याच्या पोटातला मजकूर मात्र आज केवळ त्या डब्यालाच वाचता येतो. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवण्यातली खरी जोखीम हीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

बोलले जाते ते व्हायरसबद्दल. १२ मे २०१७ला वॉनाक्राय जगभर पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या, आणि बोटे मोडली गेली ती एक्सपीच्या नावाने. नंतरच्या तपासणीत मात्र बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ची निघाली. त्या प्रणालीला तेव्हा कंपनीचा आधार होता, आणि वॉनाक्राय ज्या छिद्रातून शिरला, ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच निघाला होता. तो लावला गेला नव्हता इतकेच. यावरून एक्सपी भक्कम असा निष्कर्ष कोणी काढू नये. अनेक एक्सपी यंत्रे वाचली, कारण हल्ल्याचा तो प्रोग्राम त्यांच्यावर नीट चालेना आणि ती निळा पडदा दाखवून बंद पडत. ही तटबंदी नव्हे, नशीब होते. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज बंद पाडले आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातले एक टर्मिनलही ठप्प झाले; तो आत शिरला होता युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ‘अपडेटच नको’ म्हणणारे ही उदाहरणे आनंदाने देतात. ती खरी असली तरी त्यांचा पक्ष टिकत नाही. अपडेटमुळे झालेले अपघात मोजता येतात; अपडेटमुळे टळलेले हल्ले कोणाच्याच वहीत नोंदलेले नसतात. तेव्हा जाळ्याला जोडलेल्या यंत्राने मुदतीतली प्रणाली वापरावी, यात वादाला जागा नाही.

पण डीटीपीच्या डब्याला जाळे हवे कशाला? अक्षरजुळणीला इंटरनेट लागत नाही. केबल काढली की वॉनाक्रायच्या जातीचा धोका संपला. उरतो पेनड्राइव्ह, आणि इथे दुकानदाराला सवलत देता येत नाही. गिऱ्हाईक फोटो आणि मजकूर पेनड्राइव्हवरच आणते, आणि पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करण्याची एक्सपीची खोड २००८मध्ये आलेल्या कॉनफिकर या व्हायरसने पुरेपूर वापरून घेतली होती. उपाय साधा आहे: बाहेरचा पेनड्राइव्ह नव्या संगणकालाच लावायचा, आणि जुन्याकडे जायला दुकानातला एकच राखीव ठेवायचा. कंटाळवाणे काम आहे, पण अशक्य नाही. रुग्णालयातल्या स्कॅनरला किंवा बँकेच्या एटीएमला अशी फारकत परवडत नाही. त्यांचा प्रश्न निराळा. दुकानापुरते म्हणायचे तर सुरक्षेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. मजकुराचा प्रश्न केबल काढून सुटत नाही.

तो समजायला टंकाच्या आत डोकवावे लागते. जुन्या टंकांत प्रत्येक अक्षराला आठ बिटांचा एक कप्पा, म्हणजे एकूण कप्पे २५६, आणि त्यांतलेही सगळे मोकळे नाहीत. ते इंग्रजी अक्षरांसाठी आखलेले. मराठी टंक करणाऱ्यांनी तिथेच अख्खी अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे कोंबली. ही कसरत दाद देण्यासारखी होती. तिच्याविना मराठी छपाई खिळ्यांमधून संगणकावर इतक्या लवकर आली नसती. पण प्रत्येक कंपनीने कप्पे आपापल्या सोयीने लावले. परिणाम असा की, कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिले तर फाइलीत साठवली जातात ती ई, जे, के, मोठा बी आणि एच ही रोमन अक्षरे. फाइलीत मराठी नसतेच. मराठीपण सगळे टंकात असते, आणि टंक त्या डब्यात असतो. टंक काढून घ्या, वीस वर्षांचे दिवाळी अंक म्हणजे विस्कटलेल्या रोमन अक्षरांचा ढीग. गंमत अशी की, प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या देवनागरी युनिकोडची सोय खुद्द एक्सपीत आहे, तिच्या आधीच्या विंडोज २०००मध्येही होती. पेजमेकरला मात्र युनिकोड कळत नाही. म्हणजे ज्या प्रणालीला मराठी येत होते, तिला आपण मराठी न येणाऱ्या सॉफ्टवेअरची राखणदार म्हणून बसवले आहे.

यावर तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले: पीडीएफ करून ठेवा. जरूर ठेवाव्यात, पण जुन्या टंकातल्या पीडीएफमध्ये दिसायला मराठी असली तरी शोधायला आणि कॉपी करायला तीच रोमन अक्षरे. ती मजकुराची छायाप्रत झाली, मजकूर नव्हे. दुसरे: नव्या संगणकात आभासी यंत्र उभारून त्यात एक्सपी चालवा. हे उत्तर चांगले आहे आणि जमेल तिथे करावेच. पण प्रिंटरच्या पोर्टला लावायचे जुने लॉक त्या आभासी यंत्राला दिसेलच असे नाही, आणि दिसले तरी कैदी तोच, तुरुंग तेवढा नवा. तिसरे उत्तर कन्व्हर्टरचे. मजकूर युनिकोडमध्ये आणायचा मार्ग हाच, आणि तो वाटतो तितका गुळगुळीत नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट. जोडाक्षराला वेलांटी असली की सोपी अदलाबदल पुरत नाही. त्यात मराठीचा खास असा ‘ऱ्य’ आहे. हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला त्याची गरजच पडलेली नसते, म्हणून तो आचाऱ्यांना आचार्यांच्या पंगतीला बसवतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हे खटकत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

दुकानदाराचा सर्वांत सबळ आक्षेप पैशांचा आहे. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. पत्रिका छापून झाली, लग्न लागले, संपले. हे मान्यच करावे लागते. गेल्या वर्षीची पावतीपुस्तके वाचवायची गरजही नाही. पण स्थानिक इतिहास, गावोगावच्या स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक यांची मूळ प्रत बहुधा याच डब्यांत आहे, आणि लेखकाकडे असते ती छापील प्रत, फार तर हस्तलिखित. हा भार एकट्या दुकानावर टाकणे अन्यायाचे आहे. मजकूर ज्याचा, त्या लेखकाने आणि प्रकाशकाने खर्चातला वाटा उचलायला हवा. आणि ‘नवे घेतले की प्रश्न मिटला’ हाही भ्रमच. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर हवा, म्हणून धडधाकट संगणकही रांगेबाहेर गेले. त्यांच्यावर लिनक्स टाकून युनिकोडमधले नवे काम बिनदिक्कत करता येते. युनिकोडमधल्या मजकुराला प्रणाली बदलल्याची खबरही लागत नाही, पेजमेकरमधल्याला लागते.

म्हणून डबा भंगारात काढू नये, आणि नुसता चालूही ठेवू नये. त्याला एकच काम द्यावे. केबल काढावी, हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, कारण इतक्या वर्षांची डिस्क आधी सांगून बंद पडत नाही. कोणत्या फाइलीत कोणता टंक, हे वहीत लिहावे. मग मोलाच्या फाइलींतले मॅटर एकेक करून बाहेर काढावे आणि छापील प्रत शेजारी ठेवून प्रूफ वाचावे. ज्या ऑपरेटरने ते मूळ कंपोज केले, त्याच्या बोटांना तो कळफलक अजून पाठ आहे, आणि कोणत्या कप्प्यात कोणते अर्धे अक्षर हे त्याला पुस्तकाशिवाय सांगता येते. पहिल्या फाइलीला तो शेजारी बसलेला असावा.