तिसऱ्या सिलिंडरचे प्रारब्ध

ईश्वराच्या सत्तेवाचून झाडाचे पानही हलत नाही असे जो मनापासून मानतो, त्याने अमुक झाडाचे अमुक पानच का हलले याची चौकशी करावी की करू नये, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे भाविकांनी आणि बुद्धिवाद्यांनी सारख्याच उतावळेपणाने लावून टाकला आहे; एकाला चौकशीत श्रद्धेची उणीव दिसते, तर दुसऱ्याला वाटते की चौकशी सुरू झाली म्हणजे ईश्वराचे काम संपले. या दोघांहून नैयायिकांची व्यवस्था मला अधिक समंजस वाटत आली आहे. ही मंडळी काही नास्तिक नव्हती. उदयनाचार्यांनी तर ईश्वर सिद्ध करण्यासाठी 'न्यायकुसुमांजली' हा स्वतंत्र ग्रंथच रचला. तरीही कारणांची मोजदाद करताना न्यायपरंपरेने ईश्वर, त्याचे ज्ञान, त्याची इच्छा, त्याची कृती, प्रागभाव, काल, दिशा आणि अदृष्ट अशा आठांना साधारण कारणांच्या एकाच यादीत बसवले, म्हणजे जे जे घडते त्याच्या मुळाशी हे आठही असतातच असे बिनतक्रार कबूल केले, आणि कबुली देऊन झाल्यावर विचारले की आता या कार्याचे असाधारण कारण कोणते ते सांगा. घडा ईश्वरेच्छेने झाला हे उत्तर खोटे नाही. पण वस्त्र कसे झाले या प्रश्नालाही ते जसेच्या तसे लागू पडते, म्हणून घड्यापुरते ते कुचकामी आहे.

या भेदाचा रोकडा उपयोग मी वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात पाहिला. हिंगणघाटच्या बाजारात कापूस पोचवणारी एक जुनी डिझेल पिकअप तेथे उभी होती. भार घेऊन धावताना तिच्याविषयी फारशी तक्रार नसे. पण रेस सोडून ती जागच्या जागी चालू ठेवली की गिअरच्या दांड्यासकट सारी केबिन थरथरू लागे, आरशातला मागचा रस्ता ओळखू येईनासा होई, आणि मधूनच इंजिन गप्पकन बंद पडे. मालकाची कैफियत एका वाक्याची होती: “गाडी बुढी झाली जी, तिचं प्रारब्धच सरलं.”

मिस्त्रीने ती कैफियत नाकारली नाही आणि स्वीकारलीही नाही. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेट घेतो. उभ्या गाडीत मिनिटाला साडेसातशे फेरे धरले तर सेकंदाला पंचवीस स्फोट होतात, आणि त्यांतला एक सिलिंडर मुका राहिला तर सेकंदाला सुमारे सहा वेळा खंड पडतो. गाडी वेगात असताना फ्लायव्हीलचा संवेग हा खंड पोटात घालतो. मंद गतीत त्याला तेवढे बळ नसते, म्हणून दोष उघडा पडतो. आवाज तुटक आहे एवढे कानाने ठरवून मिस्त्रीने आधी हँडपंप मारून डिझेलच्या लाइनीत हवा शिरते का ते पाहिले. बुडबुडा आला नाही. मग 17 नंबरचा पाना घेऊन, इंजिन चालूच ठेवून, त्याने पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट फडके धरून किंचित सैल केला. (बोट मात्र तेथे कधी नेऊ नये, त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते.) डिझेल बाहेर सांडले, पहिला सिलिंडर थांबला, आणि इंजिन लगेच आणखी खाली बसले. नट आवळून त्याने दुसरा सैल केला, तोच परिणाम. तिसरा सैल केला, आणि काहीच झाले नाही: तीच थरथर, तोच आवाज. चौथ्याला इंजिन पुन्हा खाली बसले. ज्याला काढून घेतल्याने काही फरक पडत नाही तो आधीपासूनच गैरहजर होता, हे अनुमान इतके सरळ आहे की त्यातली खोली चटकन ध्यानात येत नाही. कारण येथे ज्याला पकडले ते काही केल्याबद्दल नव्हे, न केल्याबद्दल, आणि अभावालाही पदार्थांच्या पंक्तीत सातवे स्थान देणाऱ्या वैशेषिकांना यात नवल वाटले नसते.

“चारी सिलिंडर एकाच दिवशीचे ना?” मिस्त्री मालकाला म्हणाला. “मंग तीन काहून चालून राह्यले?”

तर्कशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: साध्य जेथे नाही तेथेही जो सापडतो तो हेतू. म्हातारपण बिघडलेल्या सिलिंडरात आहे तसे धडधाकट सिलिंडरांतही आहे, सबब ते कोणाच्याही विरुद्ध पुरावा होऊ शकत नाही. मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही. त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या नोझलांची अदलाबदल केली, आणि पुन्हा नट सैल करून पाहता तिसरा चालता झालेला व दुसरा मुका पडलेला आढळला. नोझल गेले तेथे दोष गेला, नोझल हलले तेथून दोष हलला. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले, आणि व्हॉल्व्ह, रिंगा, हेडचे गॅस्केट हे सारे संशयित निर्दोष सुटले. टेस्टरवर लावताच ते नोझल धुक्यासारखा फवारा सोडण्याऐवजी थेंब टाकत असल्याचे दिसले.

यावर वेदान्ती एक हरकत घेईल आणि ती टाकाऊ नाही. ईश्वर कोणाला सुख व कोणाला दुःख देतो तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, या शंकेला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उत्तर आहे, आणि शंकराचार्य तेथे पर्जन्याचा दाखला देतात: पाऊस सर्व पिकांना समान, साळ आणि जव यांतले अंतर बीजाचे. त्याप्रमाणे ईश्वर साधारण कारण आणि ज्याचे त्याचे कर्म असाधारण. मांडणी सुंदर आहे. पण बीज मुठीत घेऊन पाहता येते, दुसऱ्या शेतात पेरून पडताळता येते. मागल्या जन्मीचे कर्म दोन माणसांत अदलाबदल करून पाहण्याची सोय कोणाही मिस्त्रीपाशी नाही, आणि ज्याची रुजवात होऊ शकत नाही तो दस्तऐवज श्रद्धेच्या पेटीत जपून ठेवावा, फिर्यादीला जोडू नये.

वर्ध्याला हा वाद परका नाही. जमनालाल बजाजांनी 1928 साली येथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, आणि 7 नोव्हेंबर 1933 रोजी गांधीजी आपल्या हरिजन-यात्रेला निघाले तेही वर्ध्याहूनच. ती यात्रा चालू असताना 15 जानेवारी 1934 रोजी बिहारात प्रलयंकर भूकंप झाला, आणि तामिळ मुलखात बोलताना गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा ईश्वरी दंड असल्याचे सांगितले. रवींद्रनाथांनी तीव्र विरोध केला. भौतिक उत्पाताचे मूळ भौतिक घटनांतच असते असे बजावले, आणि ईश्वरी दंडाचा असा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांना अधिक शोभेल हेही दाखवून दिले. गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन'मध्ये छापला आणि आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही हे मान्य करूनही श्रद्धा सोडली नाही. तर्काच्या कचेरीत मी निःसंकोच रवींद्रनाथांच्या बाजूने उभा राहीन: पाप जर देशभर सारखे पसरलेले होते, ज्या मुलखात गांधीजी हे बोलत होते तेथेही ते काही कमी नव्हते, तर जमीन बिहारचीच का फाटावी? तरीपण एक गोष्ट गांधीजींच्या पदरी टाकलीच पाहिजे. त्यांनी आरोपपत्र स्वतःवर आणि आपल्या सवर्ण समाजावर ठेवले होते. आपण एरवी प्रारब्धाचा उच्चार करतो तो बहुधा दुसऱ्याच्या दुःखाविषयी. 2006 सालच्या पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे घेतले गेले त्यांत वर्धाही होता, आणि कर्जापायी जीव देणाऱ्या कास्तकाराच्या दारात बसून 'नशीब एकेकाचं' म्हणणारे शेजारी मी पाहिले आहेत. पाऊस त्यांच्याही शेतावर तेवढाच पडला होता. विचारायचे होते ते हे की बियाणे कोणते, कर्ज कोणाचे आणि व्याज किती, कापूस कोणत्या दिवशी कोणत्या भावाने मोजून घेतला गेला. म्हणजे पाना हातात घेऊन एकेक नट सैल करायचा होता.

नवे नोझल बसल्यावर पिकअपचा आवाज एकसारखा झाला, पण थरथर पुरती गेली नाही. मिस्त्रीने खाली वाकून इंजिनच्या डाव्या फाउंडेशनचे रबर दाखवले. ते मधोमध चिरले होते. एका कार्यामागे दोन कारणे निघाली, आणि दोन्ही असाधारण. ते बदलेपर्यंत मालकाने विचार करून एक बिनतोड सवाल शोधून काढला होता: टाकी एक, फिल्टर एक, चारी नोझलांना डिझेल तेच, मग हे एकच का खराब व्हावे? टाकीत गंजाचे पाणी असेल, एखादा कण फिल्टर चुकवून आत गेला असेल, असे मिस्त्री म्हणाला. पण तो कण याच नोझलात का शिरला, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

“मंग हे नशीबच म्हना ना, जी.”

“म्हन बापा,” मिस्त्री हात पुसत म्हणाला, “पन टाकी साफ करून घे पयले.”