रथ आणि नाव

पेडण्यातल्या घरच्या गॅरेजात वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन आम्ही उतरवले. रेडिएटर काढला, गिअरबॉक्स सोडवला आणि चेनपुलीने इंजिन वर घेतले. सिलिंडर पार झिजलेले. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, दुसरे बसवू आणि ‘ओरिजिनल’ म्हणून विकू. गाडी तीच ना?’’

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, चाके म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? रथ हे नुसते नाव, हा त्याचा निष्कर्ष. मला तो पटतो. पण व्यवहार चालतो तो नावावरच! आर.सी. बुकातसुद्धा चासीचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा. इंजिन बदलले की नोंद करावी लागते. गिऱ्हाईक मात्र नंबर पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहते.

‘‘गाडी तीच असेल,’’ मी म्हटले, ‘‘पण इंजिन बदलल्याचे मी सांगणार.’’

चतुर्थीला भाऊ आला, आरतीला उभा राहिला, न बोलताच गेला.