खरडलेल्या ओळी

पुतणी: काका, तुम्ही संपादक. छापण्याआधी ओळी कापल्या असतील. मॅथ्यू पॅरिसनं लिहून झाल्यावर, काही वर्षांनी स्वतःच्याच ओळी खरडून काढल्या.

काका: पॅरिस म्हणजे फ्रेंच का?

पुतणी: नाव तेवढं तसं. माणूस इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्स मठातला. 1217 मध्ये दीक्षा घेतली, 1259 च्या सुमारास वारला. ‘क्रॉनिका मायोरा’ ही बखर लिहिली आणि तिच्या समासात चित्रंही काढली. फ्रान्सच्या राजानं भेट दिलेला हत्ती 1255 मध्ये लंडनला आला, तो ह्यानं प्रत्यक्ष पाहून काढला. आकार कळावा म्हणून शेजारी राखणदारही उभा केला.

काका: हत्तीचं बरं असतं, तो वाचत नाही. राजाचं काय?

पुतणी: इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री, पोपची वसुली, आर्चबिशप, सगळ्यांवर तो तुटून पडायचा. आणि ह्याच हेन्रीनं 1247 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सोहळ्यात त्याला सिंहासनाच्या पायरीवर बसवून सगळं नीट लिहून ठेवायला सांगितलं. 1257 मध्ये राजा आठवडाभर मठात राहिला, तेव्हा ह्याला पंक्तीला घेतलं.

काका: मग खाल्ल्या मिठाला जागला, एवढंच.

पुतणी: एवढंच कसं? तो संन्यासी होता, परनिंदा त्याच्या लेखी पाप. शिवाय रागात लिहिलेलं सगळं खरं कुठं असतं? ऐकीव गोष्टी तोही रंगवून सांगायचा. आपला अन्याय आपणच पुसला तर त्यात गैर काय?

काका: खोटं असेल तर जरूर पुसावं. पण नुसतं झोंबणारं असेल तर?

पुतणी: आधी त्यानं समासात खुणाच केल्या होत्या, की हा मजकूर दुखावणारा आहे. खरडणं, वर सौम्य मजकूर लिहिणं नंतरचं.

काका: मग खुणांवरच थांबायला हवं होतं! ओळही राहिली असती, पस्तावाही दिसला असता. चिडलेला मॅथ्यू आणि ओशाळलेला मॅथ्यू, दोघंही वाचकाला भेटले असते. खरडल्यावर भीती होती की पश्चात्ताप, हे कोण सांगणार? मी स्वतः भीतीपोटी कापलेल्या ओळींना ‘समतोल’ म्हणत आलोय, म्हणून विचारतो.

पुतणी: पण खरडण्याआधीच मठात एक नक्कल उतरवून झाली होती. त्याच्याच देखरेखीखाली.

काका: म्हणजे त्याला ठाऊक होतं?

पुतणी: नक्कल आहे हे ठाऊक असणारच. मनात काय होतं, ते त्यानं लिहिलेलं नाही.

काका: मग पश्चात्तापाचं श्रेय मी त्याला देत नाही. नक्कल करून घेतल्याचं देतो.

पुतणी: ती नक्कल आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. खरडलेल्या ओळी तिच्यावरूनच वाचता येतात.