पाहणाऱ्याचे देणे

माणसाने माणसाला मारलेला ठोसा पाहून पाहणाऱ्याला आनंद व्हावा, यात काही गैर आहे काय? हा प्रश्न साठी उलटल्यावर आणि तोही घरच्या बैठकीत बसून पडावा, याचे आमचे आम्हालाच नवल वाटते. पण प्रश्न काही वय आणि जागा पाहून येत नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुटीत नववीत शिकणारा आमचा नातू इंदूरला आला होता. सोबत त्याचे खेळाचे यंत्र होतेच. एका दुपारी आम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाहतो, तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर साक्षात महंमद अली नाचत होता. तेच हलके पाय, खांद्याची तीच लकब, डाव्या हाताचा तोच सापासारखा फटकारा. समोर ज्यो फ्रेझर. अलीला नातू खेळवत होता आणि फ्रेझरला दूर देशातला कोणी अनोळखी मुलगा. शेफील्डच्या एका कंपनीने काढलेला हा ‘अनडिस्प्युटेड’ नावाचा खेळ 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. फ्रेझरचा डोळा सुजत चालला, तो खाली पडला, पंचाने आकडे मोजले. नातवाने एक कळ दाबली आणि क्षणात दोघेही पुन्हा ताजेतवाने होऊन उभे राहिले.

“अरे, किती मारतोस त्याला!” आम्ही म्हणालो.

“आजोबा, त्याला थोडंच लागतंय!” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

उत्तर बिनतोड होते. त्याला लागत नव्हते, हे खरेच. मग आमच्या मनाला काय लागले, याचा शोध घेण्यासाठी हा लेख.

आधी मूळ खेळाकडे पाहू. इंदूरच्या आखाड्यांच्या सावलीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना द्वंद्वाचे वावडे नाही. कुस्तीतही हाड मोडते, कान फुटतो. पण कुस्तीचा हेतू प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावण्याचा असतो. पाठ लागली की वैर संपले. इजा होते ती ओघात. मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात सर्वांत गौरवाचा विजय म्हणजे नॉकआउट, आणि नॉकआउट म्हणजे बहुधा समोरच्याच्या मेंदूला असा हादरा देणे की दहा आकड्यांत त्याला उठता येऊ नये. 1867 साली क्वीन्सबेरी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी हातमोजे आणले, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणल्या. खेळ सभ्य झाला. परंतु हातमोज्याने मारणाऱ्याच्या बोटांची हाडे जितकी वाचली तितका मार खाणाऱ्याचा मेंदू वाचला नाही. 1928 साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी वैद्याने, वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते, बुद्धी मंदावते, हे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. 1983 साली जागतिक वैद्यक संघटनेने तर हा खेळ बंदच व्हावा अशी शिफारस केली.

म्हणून मुष्टियुद्ध त्याज्य ठरवून मोकळे व्हावे काय? आमचे मन तसा निकाल देण्यास कचरते. मणिपूरच्या शेतमजुराच्या घरातली मेरी कोम 2012 साली लंडनहून ऑलिंपिकचे पदक घेऊन आली. निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेती झाली. या मुलींना त्या रिंगणाने जे दिले ते दुसऱ्या कोणी दिले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही. स्वतःच्या भीतीवर स्वतः मिळवलेला ताबा ही थोडकी कमाई नव्हे. शिवाय तिथे उतरणारा जाणूनबुजून उतरतो. मार देण्याचा हक्क तो मार घेण्याची तयारी दाखवून मिळवतो.

आणि नेमके येथेच पाहणाऱ्याचे स्थान अवघड होते. तो काहीच देत नाही. तिकिटाचे पैसे देतो एवढेच.

मग वाटते, नातवाच्या हातातला खेळ हाच या कोड्याचा उलगडा नसेल? कौशल्य सगळे शिल्लक, चुरस शिल्लक, इजा मात्र शून्य. 2009 च्या ‘फाइट नाइट राउंड 4’ या खेळाच्या वेष्टनावर अली आणि माइक टायसन समोरासमोर उभे होते. अलीचा जन्म 1942 चा, टायसनचा 1966 चा. ऐन भरातले हे दोघे एकमेकांसमोर कधी येणे शक्यच नव्हते. यंत्राने ते शक्य केले. देशोदेशीचे शौकीन आंतरजालावर एकत्र जमून, कोणाचा ठोसा पुरेसा वजनदार वाटत नाही, कोणाचे पाय प्रत्यक्षापेक्षा जड पडतात, याचा काथ्याकूट करतात. 2011 साली या मालिकेचा ‘चॅम्पियन’ हा भाग निघाला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ त्या तोडीचा नवा खेळ आला नाही, तेव्हाही यातले कित्येकजण तो जुनाच खेळ निष्ठेने खेळत राहिले. वारकऱ्याने वारी चुकवू नये तशी ही निष्ठा पाहून आम्हाला हसू आले, आणि आदरही वाटला.

ही हौस तशी जुनी आहे. 1969 साली रॉकी मार्सियानो आणि महंमद अली यांची लढत संगणकाने ‘ठरवली’. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे अलीचे अजिंक्यपद काढून घेतले होते आणि त्याला रिंगणाची दारे बंद होती. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या खेळून दाखवल्या आणि अनेक शेवट चित्रित करून ठेवले. चित्रण संपल्यावर काही आठवड्यांतच, 31 ऑगस्ट 1969 रोजी, मार्सियानो विमान अपघातात गेला. 1970 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिले ते असे, की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवले. मेलेला जिंकला आणि जिवंत हरला. इजा कोणालाच झाली नाही.

तर इजा नाही म्हणून दोष नाही, असे म्हणून आम्ही लेख येथेच संपवणार होतो. पण नातवाने सहज सांगितलेल्या एका गोष्टीने आम्हाला थांबवले. मुष्टियुद्धाच्या अनेक खेळांत पडद्याच्या कडेला पट्ट्या असतात. कोणाची किती ताकद उरली ते त्या दाखवतात. 2006 च्या ‘फाइट नाइट राउंड 3’ मध्ये या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. समोरचा किती थकला, किती दुखावला, हे त्याच्या चेहऱ्यावरून आणि देहावरून ओळखायचे. शौकिनांना हे फार आवडले, कारण ते खऱ्यासारखे होते.

हे ऐकताना आम्हाला आमची नोकरी आठवली. राज्य शासनाच्या कामगार खात्यात आमची हयात गेली. कारखान्यात हात सापडलेल्या मजुरांचे भरपाईचे दावे आमच्या टेबलावरून जात. 1923 च्या कायद्याला जोडलेली एक अनुसूची होती. अंगठा गेला, कमावण्याची शक्ती 30 टक्के गेली. तर्जनी पूर्ण गेली, 14 टक्के. ती अनुसूची आम्हाला तोंडपाठ होती आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. एकदा एक मध्यमवयीन विणकर समोर येऊन उभा राहिला. आम्ही मान खाली घालूनच टक्के मांडत होतो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने आपला उजवा हात उचलून आमच्या कागदावरच ठेवला आणि हिंदीत म्हणाला, साहेब, एकदा बघून तर घ्या. आम्ही पाहिले. टक्के तेच राहिले, कायद्याने दुसरे काही करता येत नव्हते. पण त्याआधीच्या कित्येक वर्षांत आम्ही एकही हात नीट पाहिला नव्हता, हे त्या दिवशी कळले. आम्ही पट्ट्याच पाहत आलो होतो.

तेव्हा पट्ट्या काढून चेहरा पाहायला लावणारा खेळ आमच्यापेक्षा बरा, असे प्रथम वाटले. थोडा विचार केल्यावर त्यातली मेख ध्यानात आली. तिथे चेहरा पाहायचा तो कशासाठी? पुढचा ठोसा नेमका कुठे घालावा हे कळावे म्हणून. रिंगणातला खरा योद्धाही तेच करतो. त्याला दोष नाही, त्याचा तो धर्मच आहे. पण रिंगणाच्या कोपऱ्यात आणखी एक माणूस असतो. तोही तोच चेहरा वाचत असतो, पण निराळ्या हेतूने.

1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिला येथे अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा भिडले. आम्ही तेव्हा महाविद्यालयात नुकतेच पाऊल टाकले होते आणि अलीचे निस्सीम भक्त होतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी मित्रांना मोठ्याने वाचून दाखवल्याचे स्मरते. चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझरचा एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसऱ्याने त्याला आधीपासूनच नीट दिसत नसे. पंधरावी आणि शेवटची फेरी तेवढी उरली होती. फ्रेझर उठायला तयार होता. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याचा चेहरा पाहिला आणि लढत थांबवली. फ्रेझरने विरोध केला. फचने ऐकले नाही. जगभरचे प्रेक्षक शेवटची फेरी पाहायला आसुसलेले असताना तीन मिनिटे आधी नाही म्हणणारा हा माणूस त्या दिवशी आम्हाला रसभंग करणारा वाटला होता. आज त्या लढतीतली सर्वांत मोठी गोष्ट त्यानेच केली असे वाटते.

1962 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कला असा नकार वेळेवर आला नाही. एमिल ग्रिफिथने दोरांना टेकलेल्या बेनी पॅरेटवर ठोशांचा वर्षाव केला, तो लाखो लोक घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहत होते. दहा दिवसांनी पॅरेट गेला. ग्रिफिथ पुढे अनेक वर्षे खेळला, पण ती रात्र त्याच्या स्वप्नांत येतच राहिली. पाहणाऱ्या लाखोंपैकी किती जणांच्या स्वप्नात ती आली असेल?

पडद्यावरच्या खेळातले सत्य शेवटच्या घंटेपर्यंतच असते, हे आमचे खरे दुखणे आहे. सूज हुबेहूब असते, रक्त हुबेहूब असते, पंचाचे आकडे मोजणेही हुबेहूब. पण 1984 साली पार्किन्सनचे निदान झालेला अली आम्हाला त्यात कुठे दिसला नाही. 1996 साली अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा हात थरथरत होता, तेव्हा आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसून होतो आणि आमच्याने पाहवेना. त्याच्या आजारात ठोशांचा वाटा किती, याबद्दल वैद्यांत एकमत नाही. पण 2016 साली तो गेला तोवरची ती बत्तीस वर्षे खेळाच्या हिशेबात कोणीच धरत नाही, एवढे मात्र निश्चित.

आपल्याकडे भासाने हे फार पूर्वी ओळखले होते. ‘ऊरुभंग’ नाटकात भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध तो रंगमंचावर दाखवतच नाही. सैनिकांच्या तोंडून त्याचे वर्णन येते. रंगमंचावर येतो तो मांड्या मोडलेला, जमिनीवरून सरपटणारा दुर्योधन. त्याचा लहानगा मुलगा सवयीने मांडीवर बसायला येतो, आणि त्या मांडीवर आता त्याला बसवता येत नाही. ज्याला आपण जन्मभर खलपुरुष मानले, त्याच्यासाठी येथे डोळे भरून येतात. युद्धाचा थरार भासाने नाकारलेला नाही. वर्णनात तो भरपूर आहे. पण त्या थराराची किंमत त्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे आणून ठेवली आणि ती पाहिल्याशिवाय त्याला घरी जाऊ दिले नाही.

म्हणून प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही इतकेच म्हणू, की ठोसा पाहून आनंद वाटण्यात पाप नाही. तो आनंद माणसाच्या रक्तातच आहे. पण असा आनंद उधारीचा असतो. कोणीतरी आपल्या देहाने तो पुरवतो, आणि त्याचे देणे म्हणजे खेळ संपल्यावरही त्या माणसाकडे पाहत राहणे. पडद्यावरचा खेळ कोणाला दुखवत नाही, म्हणून तो निर्दोष. परंतु हे देणे असते याचाच तो विसर पाडू शकतो, म्हणून तो निर्धोक नव्हे. त्यावर बंदी घालण्याची भाषा आम्ही करणार नाही. आमच्या पिढीने तर खऱ्या माणसांच्या लढती पाहून तो विसर जोपासला. यंत्राला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला कुठला?

त्या दुपारी आम्ही नातवाला मनिलाची हकिकत सांगितली. तो खेळ थांबवून ऐकत होता.

“फ्रेझर चिडला असेल ना त्या सरांवर?” त्याने विचारले.

“तेव्हा त्याला ते मुळीच पटलं नव्हतं. पुढे खेळायचंच म्हणत होता.”

“आणि तुम्ही?”

आम्हीही चिडलो होतो, हे आम्ही कबूल केले. तो थोडा वेळ पडद्यावरच्या फ्रेझरच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहत राहिला. मग त्याने खेळ पुन्हा सुरू केला, आणि आम्हीही त्याच्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला.